‘समाजस्वास्थ्य’ मासिक आणि प्रश्नकर्ता वाचक

(१)

मराठी नियतकालिकांचा इतिहास लिहिताना संपादकांची चरित्रे, त्यांची मते आणि त्यांचे वाद यांना बहुधा प्राधान्य दिले जाते. ते स्वाभाविकही आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांतील अनेक नियतकालिके एकेका व्यक्तीच्या उद्योगावर उभी राहिली आणि ती व्यक्ती थकली किंवा निवर्तली म्हणजे बंद पडली. तथापि ग्रंथ आणि नियतकालिक यांत एक मूलभूत भेद आहे व त्याचा विचार केल्यावाचून या इतिहासाचे चित्र पुरे होत नाही. ग्रंथ लिहून संपल्यानंतर वाचकाच्या हाती पडतो. वाचकाचे म्हणणे ग्रंथकाराच्या कानी आले तरी त्या म्हणण्याला त्या ग्रंथात स्थान मिळण्याचा काळ टळून गेलेला असतो. नियतकालिकाचा पुढील अंक मात्र अजून लिहावयाचा असतो. म्हणून ठराविक मुदतीने लिहिण्याचे व्रत घेणारा लेखक वाचकाला उत्तर देण्याच्या बंधनातही, इच्छा असो वा नसो, सापडतो.

हे बंधन मराठीत ज्यांनी सर्वांत गंभीरपणे स्वीकारले आणि त्याची किंमतही मोजली, अशा संपादकांत रघुनाथ धोंडो कर्वे यांची गणना करावी लागते. त्यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जुलै १९२७ मध्ये निघाले आणि त्याचा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. या मासिकाचा परामर्श सामान्यतः संततिनियमनाच्या चळवळीचे साधन म्हणून घेतला जातो. प्रस्तुत विवेचनाचा विषय त्याहून मर्यादित आहे. वाचकाने प्रश्न विचारावा आणि संपादकाने त्याचे छापील उत्तर द्यावे, हा साधा व्यवहार या मासिकात कोणत्या अर्थाने नवा होता आणि १९३४ साली तो न्यायालयात गुन्हा का ठरला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

(२)

वाचकाच्या पत्राला मराठी पत्रसृष्टीत स्थान मिळाले ते तिच्या आरंभापासूनच. बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या ‘दर्पण’ पत्रात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई आणि वाचकांकडून आलेल्या पत्रांनाही त्यात जागा असे. त्या काळी वाचकवर्ग अत्यंत लहान होता आणि पत्र पाठविणाऱ्यांत इंग्रजी विद्येचा संस्कार झालेलेच लोक अधिक असणार, हे उघड आहे. तथापि छापलेल्या मजकुरावर सामान्य गृहस्थाने आपले मत लिहून पाठवावे आणि ते पुन्हा छापून सर्वांपुढे यावे, ही गोष्टच त्या समाजाला अपूर्व होती. पुराणिक आणि श्रोता, गुरू आणि शिष्य, सरकार आणि अर्जदार हे संबंध परिचयाचे होते. संपादक आणि वाचक हा संबंध यांपैकी कोणत्याच चौकटीत बसणारा नव्हता.

भाऊ महाजन यांनी १८४१ साली सुरू केलेल्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात या संबंधाला वेगळे वळण लागले. गोपाळ हरी देशमुख यांनी ‘लोकहितवादी’ या नावाने १८४८ ते १८५० या काळात त्यात जी पत्रे लिहिली, ती पुढे ‘शतपत्रे’ म्हणून प्रसिद्धीस आली. त्यांची संख्या १०८ आहे. पहिले पत्र प्रसिद्ध झाले तेव्हा लेखकाचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. ही वस्तुतः निबंधमालिका होय. परंतु तिला संपादकास लिहिलेल्या पत्राचे रूप आहे आणि ते रूप निरर्थक नाही. सरकारी नोकरीत असलेल्या तरुणाला स्वसमाजावर कठोर टीका करावयाची होती. वाचकाची भूमिका आणि टोपणनाव या दोहोंमुळे त्याला ती सवड मिळाली. वाचकाचे पत्र हे केवळ मत कळविण्याचे साधन नसून जे स्वतःच्या नावाने बोलता येत नाही ते बोलण्याचेही साधन आहे, ही गोष्ट येथे प्रथम ठळकपणे दिसते.

एकट्या लेखकाने नियमाने चालविलेल्या नियतकालिकाचे श्रेष्ठ उदाहरण म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची ‘निबंधमाला’. १८७४ ते १८८१ या सात वर्षांत तिचे ८४ अंक निघाले आणि त्यांतील जवळजवळ सर्व मजकूर शास्त्रीबुवांच्या हातचा होता. मराठी गद्याला तिने जे सामर्थ्य दिले ते सर्वमान्य आहे. परंतु तिच्यातील वाचक हा मुख्यतः श्रोता आहे. त्याला उद्देशून बोलले जाते, त्याचा अभिमान जागविला जातो, त्याच्या आक्षेपांची कल्पना करून त्यांचे खंडनही केले जाते. त्याच्या प्रश्नाने विषय ठरतो असे मात्र क्वचितच घडते. ‘शतपत्रां’वरील शास्त्रीबुवांची प्रखर टीका याच मालेतून प्रसिद्ध झाली. तीस वर्षांपूर्वीच्या पत्रलेखकाला दिलेले ते उत्तर होते, असे म्हणता येईल. पण ते उत्तर प्रतिपक्षाला होते, पृच्छकाला नव्हे.

या घडामोडींना टपालाच्या व्यवस्थेची पार्श्वभूमी आहे, तीही ध्यानात घेतली पाहिजे. १८५४ साली हिंदुस्थानात टपालाचा दर अंतरनिरपेक्ष करण्यात आला आणि हलक्या पत्राला अर्धा आणा पुरू लागला. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. गावोगावच्या शिक्षकाला, कारकुनाला, विद्यार्थ्याला मुंबई-पुण्याच्या संपादकाशी पत्रव्यवहार करणे यामुळे आवाक्यात आले. बंद पाकीट आणि उघडे कार्ड यांतील फरक पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सार्वजनिक प्रश्नावरील मत कार्डावर लिहिता येते. स्वतःच्या देहासंबंधीची शंका लिहिण्यास पाकीटच लागते.

(३)

रघुनाथ कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ रोजी झाला. ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ चिरंजीव. १८९१ साली, रघुनाथ नऊ वर्षांचे असताना, त्यांच्या मातोश्री राधाबाई निवर्तल्या. गणित हा त्यांच्या अध्ययनाचा आणि अध्यापनाचा विषय होता आणि त्याच्या उच्च शिक्षणासाठी ते फ्रान्समध्येही राहून आले होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. १९२३ साली ‘संततिनियमन : विचार आणि आचार’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि १९२५ साली, या कार्यामुळे उद्भवलेल्या मतभेदांतून, त्यांनी विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकपद सोडले. पत्नी मालतीबाई यांची त्यांना या कार्यात साथ होती.

मासिकाचा जन्म या क्रमात पाहिला म्हणजे त्याचे स्वरूप स्पष्ट होते. आधी सल्ला, मग पुस्तक आणि शेवटी मासिक असा हा क्रम आहे. केंद्रात येणाऱ्या मनुष्याला समोरासमोर उत्तर मिळे. पण मुंबईबाहेरच्या माणसाला ते दुर्लभ होते आणि मुंबईत राहूनही तेथे पाऊल टाकण्याचा धीर फार थोड्यांना होत असेल. पुस्तक दूरवर पोहोचत असे. परंतु पुस्तकाला प्रश्न विचारता येत नाही. मासिकाने ही दोन्ही अंगे एकत्र आणली. नाव, चेहरा आणि संकोच बाजूला ठेवून विचारलेल्या प्रश्नाला महिन्याभराने छापील उत्तर मिळू शकत होते. आणि तोच प्रश्न मनात असूनही ज्यांनी तो कधीच लिहिला नसता, अशांनाही ते वाचता येत होते. एका पृच्छकाला दिलेले उत्तर अनेक मूक पृच्छकांच्या उपयोगी पडावे, हा या पद्धतीचा विशेष लाभ होय.

मासिकाची आर्थिक बाजू कायम दुर्बळ होती. वर्गणीदार मर्यादित होते आणि विषय असा की त्याचा उघड पुरस्कार करण्यास प्रतिष्ठित माणूस बिचके. मुखपृष्ठावरील नग्न स्त्रीचित्रांमुळे प्रतिकूलतेत भरच पडली. संपादन आणि बहुतांश लेखन कर्वे स्वतःच करीत. अशा स्थितीत सव्वीस वर्षांहून अधिक काळ अंक निघत राहिले, याचे श्रेय केवळ संपादकाच्या चिकाटीला देऊन भागणार नाही. लोक प्रश्न विचारीत राहिले ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. तत्त्वप्रतिपादन काही अंकांत आटोपते. प्रश्न मात्र प्रत्येक पिढीच्या तारुण्याबरोबर पुन्हा नवे होतात.

(४)

लैंगिक जीवनाविषयी वाचकांच्या प्रश्नांना छापील उत्तरे देणारे कर्वे हे त्या काळातील एकटेच संपादक होते, असा समज करून घेणे मात्र युक्त होणार नाही. महात्मा गांधी यांनी ‘यंग इंडिया’ आणि पुढे ‘हरिजन’ या पत्रांतून ब्रह्मचर्य, विवाह आणि संततिनियमन यांवर वारंवार लिहिले व पत्रलेखकांच्या शंकांना उत्तरे दिली. ‘यंग इंडिया’तील संततिनियमनावरील त्यांचा प्रसिद्ध लेख १९२५ सालचा आहे. वाचक आणि संपादक यांच्या संवादाविषयी त्यांना वाटणारी आस्था तर त्याहून जुनी. १९०९ साली लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्य’ या पुस्तकाची रचनाच मुळी वाचक व अधिपती यांच्या प्रश्नोत्तरांची आहे.

दोघांची उत्तरे परस्परविरुद्ध होती. संततीची संख्या मर्यादित असावी हे गांधीजींनाही मान्य होते. पण त्याचा मार्ग संयम हाच असला पाहिजे आणि कृत्रिम साधनांनी मनुष्याचे नैतिक बळ खचते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मार्गारेट सँगर यांनी डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्यास येऊन त्यांच्याशी चर्चा केली, तिच्यातही हाच मतभेद कायम राहिला. उलट कर्वे यांच्या मते कामप्रेरणा ही शरीराची स्वाभाविक प्रेरणा होती. तिच्याविषयी लज्जा बाळगण्याचे कारण नव्हते आणि दुसऱ्याला इजा होत नसेल तर तिच्या तृप्तीत पापही नव्हते. ब्रह्मचर्याच्या उपदेशावर त्यांनी कठोर, प्रसंगी उपहासाच्या शब्दांत टीका केली.

या तुलनेतून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. स्त्रीपुरुषसंबंधांविषयी वाचकाने विचारावे आणि संपादकाने जाहीर उत्तर द्यावे, एवढ्यावर तत्कालीन समाजाचा रोष नव्हता. उत्तर संयमाचे असेल तर प्रश्न क्षम्य ठरत असे. रोष होता तो उत्तरातून निंदेचा स्वर नाहीसा झाल्याबद्दल. पृच्छकाला अपराधी न मानता त्याच्याशी माहितगार मनुष्याप्रमाणे बोलणे, हे कर्वे यांच्या उत्तरांचे वैशिष्ट्य होते आणि आक्षेपाचे मूळही तेथेच होते.

याचबरोबर या उत्तरांच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. कर्वे यांचा युक्तिवाद गणितज्ञाचा होता. एकदा गृहीत मान्य केले की निष्कर्षाला अपवाद नाही, अशी त्यांची धाटणी असल्यामुळे वाचकाच्या मनातील धर्मभावनेला किंवा कौटुंबिक कुचंबणेला त्यांच्याजवळ पुष्कळदा तुटक उत्तर असे. शिवाय छापील प्रश्न हा संपादकाने निवडलेला प्रश्न असतो, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. त्यांवरून समाजातील आचाराचे प्रमाण काढणे धाडसाचे होईल. मात्र काय विचारणे शक्य झाले होते याचा तो निश्चित पुरावा आहे.

(५)

‘समाजस्वास्थ्या’वरील पहिला अश्लीलतेचा खटला १९३१ सालचा. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल तो झाला आणि कर्वे यांना १०० रुपये दंड झाला. दुसरा खटला १९३४ सालचा असून तोच प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. या वेळी आरोपाचा आधार संपादकाचा लेख नव्हता. हस्तमैथुन, समलिंगी संबंध इत्यादी विषयांवर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे हाच तो आधार होता.

कर्वे यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांच्या नंतरचा हा काळ होता आणि असल्या खटल्यात उभे राहून लोकप्रियता वाढण्याचा संभव नव्हता. परंतु बाबासाहेब स्वतः संपादक होते. त्यांचे ‘मूकनायक’ १९२० साली निघाले होते आणि ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे ‘समाजस्वास्थ्या’च्या आधी अवघे तीन-साडेतीन महिने, सुरू झाले होते. सहायकांच्या अभावी त्यातील रकानेच्या रकाने त्यांना एकट्याने लिहून काढावे लागले. नियतकालिक एकहाती चालविणे म्हणजे काय, हे त्यांच्या वकिलाला अनुभवाने ठाऊक होते.

बचावाचा आशय थोडक्यात असा होता : लैंगिक आरोग्य हाच या मासिकाचा जाहीर विषय आहे, त्या विषयावर वाचकाने शंका विचारली तर तिला उत्तर देणे हे संपादकाचे काम आहे, उत्तर देऊ नये असे म्हणणे म्हणजे मासिकच बंद करावे असे म्हणणे होय. विकृती म्हणून जिला नावे ठेवली जातात ती गोष्टही ज्ञानानेच समजून घेता येईल, ही त्यामागील भूमिका होती. न्यायालयाने हे म्हणणे स्वीकारले नाही. कर्वे यांना २०० रुपये दंड झाला.

या निकालामागील विचारसरणी समजण्यासाठी अश्लीलतेच्या तत्कालीन कसोटीकडे वळले पाहिजे. भारतीय दंडविधानाच्या २९२ व्या कलमात अश्लीलतेची व्याख्या त्या वेळी दिलेली नव्हती. इंग्लंडमधील हिकलिन खटल्यात १८६८ साली मुख्य न्यायाधीश कॉकबर्न यांनी घालून दिलेल्या कसोटीचाच अवलंब येथील न्यायालये सामान्यतः करीत. अशा दुष्परिणामांना ज्यांची मने वश होऊ शकतात आणि ज्यांच्या हाती तो मजकूर पडण्याचा संभव आहे, अशांना बिघडविण्याची प्रवृत्ती त्या मजकुरात आहे काय, हा त्या कसोटीतील प्रश्न. म्हणजे कायद्याने आपला एक वाचक कल्पिलेला होता. तो अपक्व होता, चंचल होता आणि त्याच्या हाती मजकूर योगायोगाने पडत असे. त्याला काही विचारावयाचे नव्हते. त्याला फक्त जपावयाचे होते.

१९३४ च्या खटल्यात हा कल्पित वाचक आणि प्रत्यक्ष वाचक समोरासमोर आले. प्रत्यक्ष वाचक मजकुराला योगायोगाने सापडलेला नव्हता. त्याने स्वतः पत्र लिहून तो मजकूर मागविला होता. तो ज्या गोष्टीविषयी विचारत होता ती त्याला उत्तरामुळे कळली नव्हती. ती ठाऊक होती म्हणूनच तो विचारत होता. अज्ञानाने किंवा भीतीने ग्रासलेल्या मनुष्याने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिल्याने तो बिघडेल, हे म्हणणे ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबाबत निदान मांडता तरी येत होते. प्रश्नोत्तराबाबत ते मांडणे तर्काला धरून नव्हते. तरीही न्यायालयाने कल्पित वाचकाचे रक्षण पत्करले आणि प्रत्यक्ष वाचकाला अनुत्तरित ठेवले. खटल्यात आरोपी संपादक होता. नाकारला गेला तो वाचकाचा विचारण्याचा अधिकार, असे म्हणणे म्हणूनच प्राप्त होते.

(६)

दंड भरून कर्वे यांनी मासिक पुढे चालू ठेवले. त्याच वर्षी, १९३४ साली, त्यांचे ‘आधुनिक कामशास्त्र’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मांडण्यात आला. बाबासाहेबांचे त्यासाठी तयार केलेले भाषण त्यांच्या अनुपस्थितीत पी. जे. रोहम यांनी सभागृहापुढे ठेवले. ठराव नामंजूर झाला. परंतु १९५२ साली स्वतंत्र भारताच्या शासनाने कुटुंबनियोजन हा राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारला. त्यानंतर वर्षभराने, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, कर्वे यांचे निधन झाले.

या घटनाक्रमावरून काळाने कर्वे यांना न्याय दिला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो अर्धाच खरा आहे. शासनाने स्वीकारले ते संततिनियमन. आणि त्यामागील मुख्य कारण लोकसंख्यावाढ हे होते. १९३४ साली शिक्षा झाली होती ती संततिनियमनाच्या प्रचाराला नव्हे, तर मनुष्याच्या खासगी शंकेला निर्भर्त्सनेवाचून दिलेल्या उत्तराला. त्या बाबतीत कायद्याची चाल फार मंद राहिली. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीची विक्री केल्याबद्दल मुंबईच्या पुस्तकविक्रेत्यावर झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली हिकलिनची कसोटी मुख्यतः उचलून धरली. १९६९ साली २९२ व्या कलमात दुरुस्ती होऊन शास्त्र, वाङ्मय, कला व विद्या यांच्या हितार्थ केलेल्या प्रकाशनाला स्पष्ट अपवाद मिळाला. हिकलिनची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत त्याज्य ठरविली ती २०१४ साली, अवीक सरकार खटल्यात; म्हणजे कर्वे यांच्या दुसऱ्या खटल्यानंतर ८० वर्षांनी. त्यानुसार मजकुराचा विचार समग्रपणे आणि समकालीन समाजातील सामान्य वाचकाच्या दृष्टीने व्हावयाचा आहे. दुर्बल मनाच्या कल्पित वाचकाला अखेर बाजूला सारण्यात आले.

वरील विवेचनावरून मराठी नियतकालिकांतील वाचकाच्या स्थानाचा एक क्रम हाती लागतो. ‘दर्पणा’तील वाचक मत देणारा आहे. ‘प्रभाकरा’त वाचकाच्या वेषाने लेखक बोलतो. ‘निबंधमाले’तील वाचक ऐकून घेतो. ‘समाजस्वास्थ्या’तील वाचक विचारतो, आणि विचारतो ते देश, धर्म वा सरकार यांच्याविषयी नव्हे, तर स्वतःविषयी. हा क्रम सरळ प्रगतीचा आहे असे नव्हे. चारही प्रकार पुढील काळात एकत्र नांदताना दिसतात. परंतु चौथा प्रकार सर्वांत उशिरा आला व त्यालाच शिक्षा झाली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. नियतकालिकाच्या इतिहासात संपादकाच्या निर्भयतेचे जे मोल आहे तेच, आपल्या खोलीचे दार लावून, पाकिटात प्रश्न घालून तो टपालात टाकणाऱ्या अनाम वाचकाच्या धैर्याचेही आहे. त्या धैर्याची दखल घेतल्यावाचून ‘समाजस्वास्थ्या’चा इतिहास एका मनुष्याच्या हट्टाची कथा होऊन राहील, वस्तुतः तो दोन पक्षांनी मिळून, महिन्याच्या महिन्याला, सव्वीस वर्षांहून अधिक काळ चालविलेला संवाद होता.